स्मृतिभ्रंशाचे रूपक आणि सुनेची रात्र

वर्धा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असलेले आष्टी हे तालुक्याचे गाव आपल्या नावासोबत 'शहीद' हा शब्द वागवते. १६ ऑगस्ट १९४२ रोजी इथल्या पोलीस ठाण्यावर लोक चालून गेले, गोळीबार झाला, माणसे मेली. त्याच दिवशी चिमूरलाही तसेच घडले आणि 'आष्टी-चिमूर' हा जोडशब्द स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात कायमचा राहिला. आठवणे हाच ज्या गावाचा वार्षिक विधी आहे, अशा या गावी साहित्य शिकणारी-शिकवणारी आम्ही काही मंडळी एका १६ ऑगस्टला गेलो होतो. कार्यक्रम आटोपल्यावर एका ओळखीच्या घरी चहाला थांबलो. ओसरीवर ऐंशी ओलांडलेल्या एक आजी बसल्या होत्या. त्यांना आपल्या मुलाचे नाव सांगता येत नव्हते, सुनेला त्या 'ही बाई' म्हणत होत्या. रस्त्यावरून तुकडोजी महाराजांचे एक भजन ऐकू आले आणि आजींनी मांडीवर खंजिरीचा ठेका धरून ते अखेरपर्यंत, एकही शब्द न चुकता म्हटले.

आमचे डोळे पाणावले. परतल्यावर आमच्यापैकी एकाने दीड पानाचे टिपण लिहिले. गावाला सारे आठवते, आजींना काहीच आठवत नाही, तरी भजन उरते. इतिहास विरतो, लय टिकते, असा त्याचा आशय होता. टिपण आमच्या बैठकीत वाचले गेले आणि सर्वांनी वाखाणले. प्रस्तुत लेख त्या टिपणाविरुद्ध आहे, म्हणजेच आमच्याविरुद्ध आहे. आणि आमच्यासारखे लिहिणारे पुष्कळ असल्याने तो इतरांविरुद्धही आहे.

टिपणात काय नव्हते ते आधी सांगितले पाहिजे. आजींची सून सारा वेळ दाराच्या कडीवर हात ठेवून उभी होती, कारण रस्त्यावर गर्दी होती आणि आजी मागे दोनदा घराबाहेर पडून हरवल्या होत्या. "दिवसा बरी रायते जी. दिवे लागले का सुरू होते. मले घरी जाऊ द्या म्हणते," असे ती म्हणाली. ज्या घरात साठ वर्षे काढली त्याच घरात बसून आजी रोज संध्याकाळी घरी जायला निघतात. तीन वर्षे सुनेची रात्रीची झोप सलग झालेली नाही. निंदणाला जाणे सुटले, म्हणजे मजुरी सुटली. माहेरी जाणे तर केव्हाच थांबले. हे सारे तिने दोन-तीन वाक्यांत सांगितले आणि आम्ही ऐकले. पण त्या घरी आमच्याकडून तिला उद्देशून बोलले गेलेले एकमेव वाक्य 'चहात साखर थोडी कमी टाका' हे होते. टिपणात ती 'चहा आला' या कर्तृहीन वाक्यात मावली.

हा एका लेखकाचा दोष असता तर आम्ही तो खासगीत निस्तरला असता. परंतु विसरणाऱ्या माणसाकडे पाहताना त्याला सांभाळणारे माणूस दृष्टीआड करणे ही आपल्या साहित्यव्यवहाराची अंगवळणी पडलेली रीत आहे, आणि या रीतीचे परिणाम साहित्याच्या बाहेरही होतात, असे आमचे म्हणणे आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. डिमेंशिया हे एका लक्षणसमूहाचे नाव आहे आणि अल्झायमर हे त्याचे सर्वांत मोठे कारण. मराठीत आपण त्यासाठी 'स्मृतिभ्रंश' हा शब्द घेतला. हा शब्द कोठून आला, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला तरी ठाऊक असावे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात पतनाची एक साखळी सांगितली आहे: विषयांचे चिंतन, त्यातून आसक्ती, मग काम, क्रोध, संमोह, त्यापुढे स्मृतिभ्रंश, आणि शेवटी बुद्धिनाश व सर्वनाश. म्हणजे या शब्दाच्या गाभ्यात स्मृती जाण्याचे कारण माणसाच्या वर्तनात आहे. ज्या जिल्ह्याविषयी आम्ही लिहीत आहोत, तेथे तर ही साखळी विशेष परिचयाची. स्थितप्रज्ञाची लक्षणे सांगणारे ते श्लोक गांधींच्या आश्रमातील सायंप्रार्थनेत म्हटले जात. पवनारच्या विनोबांनी १९४४ साली शिवनीच्या तुरुंगात त्यांच्यावरच व्याख्याने दिली आणि त्यांचे 'स्थितप्रज्ञ-दर्शन' झाले. गीतेचा किंवा विनोबांचा येथे काही दोष नाही. त्यांना विवेकाचे विस्मरण अभिप्रेत होते, मेंदूतील पेशींचा मृत्यू नव्हे. दोष आपला आहे. नीतिशास्त्रातला शब्द उचलून आपण वैद्यकात बसवला आणि त्याच्या अंगावरचा ठपका झटकला नाही.

बोलीतले शब्द तरी कनवाळू आहेत का? 'म्हातारचळ' म्हणताना आपण हसतो. 'साठी बुद्धी नाठी' म्हणताना आजाराला वयाचा नियम ठरवून मोकळे होतो. 'भ्रमिष्ट' म्हणून माणसाला घराबाहेर काढतो. विदर्भात 'चकवा' नावाची एक कल्पना आहे: रात्री शिवारात माणसाला चकवा लागतो आणि ओळखीच्या वाटेवर तो गोल गोल फिरत राहतो. सर्व शब्दांत आम्हांला हाच अधिक नेमका वाटतो, कारण त्यात दोष माणसाचा नाही, आणि चकवा लागलेल्याला शोधायला कोणीतरी कंदील घेऊन निघावे लागते, हेही त्यात गृहीत आहे.

त्या कंदीलवाल्यासाठी मात्र मराठीत धड शब्द नाही. 'काळजीवाहू' हा शब्द आपण खुर्ची सोडायला निघालेल्या मुख्यमंत्र्यासाठी राखून ठेवला आहे. पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी पुण्यात काम करणारी मंडळी 'शुभंकर' म्हणतात. हेतू आदराचा आहे, हे मान्य. पण ज्या बाईला आठवडाभर डोळा लागलेला नाही तिच्याभोवती मंगल वलय काढल्याने तिची झोप पुरी होत नाही. आष्टीत या कामाला स्वतंत्र शब्द लागतच नाही. तेथे 'सून' म्हटले की काम कळते.

आता साहित्याकडे वळू. महेश एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' १९८५ साली रंगभूमीवर आले. धरणगावकर देशपांड्यांच्या त्या वाड्यातील दादी पुन्हा पुन्हा किती वाजले ते विचारत राहते. आम्ही हे नाटक अनेक वर्षे शिकवले आणि दरवेळी दादी म्हणजे थांबलेला काळ, सरंजामी व्यवस्थेची क्षीण झालेली स्मृती, असे सांगत आलो. विद्यार्थ्यांनी ते लिहून घेतले, परीक्षेत लिहिले, त्याला गुण मिळाले. दादीला उत्तर कोण देते, किती वेळा देते, तिचे अंथरूण कोण बदलते, हा प्रश्न एकाही वर्गात आला नाही. नाटककाराने तो दडवलेला नाही. त्या घरातली राबणुकीची कामे चंदूकडे आणि बायकांकडे जातात, हे संहितेत डोळ्यांसमोर आहे. घरात ज्याला पत नाही त्याच्या वाट्याला काळजी येते, हा समाजशास्त्रीय सिद्धान्त एलकुंचवारांनी कोणताही सिद्धान्त न मांडता दाखवला आहे. तो आम्ही वाचला नाही, कारण रूपक हाताशी होते.

हिंदीत २००५ साली जाह्नू बरुआ यांचा 'मैंने गांधी को नहीं मारा' आला. त्यात निवृत्त हिंदी प्राध्यापकाला आपणच गांधींना मारले असे वाटू लागते. गांधीजिल्ह्यातल्या आम्हां लोकांना राष्ट्राच्या विस्मरणाचे इतके सोयीचे रूपक दुसरे कोणते मिळणार? त्या प्राध्यापकाच्या मुलीचे आयुष्य या आजाराने कसे अडवले जाते, हे पटकथेत ठळकपणे आहे. आमच्या चर्चेत ते 'उपकथानक' ठरले. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु'तही आम्हांला संस्कृतचे पंडित चक्रपाणी शास्त्री दिसले. स्वतः मनोविकारतज्ज्ञ असलेल्या डॉ. मोहन आगाशे यांनी ती भूमिका केली. शब्दांत जगलेल्या माणसाचे शब्द जाणे, त्याने हत्तीमागे निघून जाणे, अस्तित्वाचा अर्थ, अशा वळणांनी आम्ही लिहिले. वाट चुकलेल्या त्या म्हाताऱ्याला खाऊपिऊ घालणारी चन्नम्मा ही माहुताची बायको आहे, पोट हातावर असलेली, कन्नड बोलणारी. अमृता सुभाष यांना त्या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेवढ्यापुरती ती आमच्या लक्षात आली. दिग्दर्शकांनी पाहिले, परीक्षकांनी पाहिले. समीक्षकांनी तेवढे पाहिले नाही.

'यात बिघडले काय? रूपक हे साहित्याचे कामच आहे,' असे कोणी म्हणेल. बिघडते ते असे. रूपकाला विसरणारा पुरेसा असतो. सांभाळणारा त्यात अडचण करतो. रूपकाची सवय लागलेला समाज आजाराच्या बातम्याही त्याच नजरेने वाचतो. प्रयोगशाळेत लढाई, रेणूंमधला शत्रू, 'चमत्कारी' औषध, हरवलेल्या स्मृतीची परतफेड: वर्तमानपत्रांतल्या मथळ्यांचे हे कथानक आम्हीच शिकवलेल्या साच्यातून येते. म्हणून संशोधनात प्रत्यक्षात काय घडले, ते साध्या गद्यात सांगितले पाहिजे.

१९०१ साली फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात ऑगुस्ट डेटर नावाची ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. डॉ. अलॉइस अल्झायमर तिला प्रश्न विचारून उत्तरे टिपून ठेवत. नाव लिहायला सांगितले तर ती 'श्रीमती' एवढे लिहून थांबे. ती १९०६ साली वारली. त्याच वर्षी त्यांनी तिच्या मेंदूत आढळलेल्या बदलांविषयी व्याख्यान दिले. तिचे प्रकरणपत्र १९९५ साली पुन्हा सापडले. या आजाराचा मूळ दस्तऐवज हा एक संवाद आहे, ही गोष्ट साहित्यवाल्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मेंदूत साचणारे अमायलॉइड हेच आजाराचे मूळ, हा सिद्धान्त १९९२ पासून प्रबळ झाला आणि पुढील तीन दशके संशोधनाचा मोठा पैसा त्या दिशेने गेला. या काळातला एक गाजलेला शोधनिबंध २००६ सालचा. त्यातील प्रतिमांमध्ये फेरफार असल्याचा आरोप २०२२ साली जाहीर झाला आणि २०२४ मध्ये तो निबंध मागे घेण्यात आला. अमायलॉइडचा सारा सिद्धान्त त्याने कोसळला असे नाही, पण विश्वासाला तडा गेला.

२०२१ साली अमेरिकेत अॅड्युकॅनुमॅब या औषधाला परवानगी मिळाली. औषध प्रशासनाच्या स्वतःच्या सल्लागार समितीने विरोधी कौल दिलेला असताना ती मिळाली, आणि तीन सल्लागारांनी राजीनामे दिले. २०२४ च्या प्रारंभी कंपनीनेच ते औषध गुंडाळण्याचे जाहीर केले. त्यानंतरचे लेकॅनेमॅब अधिक प्रामाणिक पुराव्यावर उभे आहे. १७९५ रुग्णांवर १८ महिने चाचणी झाली, आणि १८ गुणांच्या मोजपट्टीवर औषध घेणारे व न घेणारे यांच्यात ०.४५ गुणांचा फरक दिसला. ऱ्हास २७ टक्क्यांनी मंदावला, असे याचेच दुसरे वर्णन. औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे १२.६ टक्के जणांच्या मेंदूत सूज दिसली. जुलै २०२३ मध्ये अमेरिकेत त्याला पूर्ण परवानगी मिळाली. तेथील वार्षिक किंमत २६,५०० डॉलर जाहीर झाली होती. जुलै २०२४ मध्ये त्याच जातीच्या डोनानेमॅबलाही परवानगी मिळाली. ब्रिटनच्या मूल्यमापन संस्थेने ही औषधे गुणकारी मानूनही, लाभाच्या मानाने खर्च फार, म्हणून २०२५ साली सार्वजनिक सेवेसाठी नाकारली.

आम्ही विज्ञानविरोधी नाही. तीस वर्षांच्या अपयशानंतर आजाराची गती थोडी तरी मंदावते, ही घटना लहान नाही. मे २०२५ मध्ये अमेरिकेत रक्ततपासणीने अमायलॉइडचा अंदाज घेण्यास मान्यता मिळाली, आणि अशी तपासणी उद्या आपल्या तालुक्यांपर्यंत पोहोचू शकेल. पण ही औषधे केवळ आरंभीच्या अवस्थेत चालतात. आधी अमायलॉइड सिद्ध करावे लागते, मग शिरेतून औषध, आणि मधूनमधून एमआरआय. आष्टीहून वर्ध्याला जाणे म्हणजे वयस्क रुग्णासह एक पूर्ण दिवस. सेवाग्रामला १९६९ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, सावंगीलाही आहे. पण 'म्हातारपण म्हटले की असे व्हायचेच' या समजुतीमुळे त्या ओसरीवरच्या आजींना कोणी आरंभीच्या अवस्थेत तेथे नेलेच नाही. औषधाच्या आधी निदान लागते, आणि निदानाच्या आधी शब्द लागतो. 'चळ' म्हणणारे घर डॉक्टरकडे जात नाही.

भाषेच्या माणसाने येथे आणखी एक गोष्ट पाहावी. स्मृती मोजण्याची जगभर रूढ झालेली चाचणी १९७५ सालची. ती तारीख विचारते, आपण कितव्या मजल्यावर आहोत ते विचारते, एक वाक्य लिहायला सांगते. आष्टीच्या आजींच्या घराला मजला नाही; त्यांना तारीख कधीच लागली नाही, पोळ्याला किती दिवस उरले हे लागले; आणि वाक्य लिहायला त्यांना कोणी शाळेत पाठवले नाही. नव्वदच्या दशकात हरियाणातील बल्लभगढ येथे संशोधकांनी निरक्षरांसाठी हिंदीत प्रश्न नव्याने रचले, तेव्हा ते भाषेचेच काम करत होते. वऱ्हाडीत असे प्रश्न रचण्याचे काम मराठी विभागांनी करायचे नाही, तर कोणी?

त्याच बल्लभगढच्या अभ्यासात अल्झायमरचे प्रमाण पाश्चात्त्य देशांहून फार कमी आढळले, आणि त्यावरून हळदीचे, एकत्र कुटुंबाचे, आपल्या संस्कृतीचे पोवाडे गायले गेले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने साठीपुढील लोकांत डिमेंशियाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असा अंदाज दिला. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक, आणि शहरांपेक्षा खेड्यांत अधिक. 'लॅन्सेट'च्या आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगे १४ धोके मोजले. त्या सर्वांचा बंदोबस्त झाला तर डिमेंशियाच्या सुमारे ४५ टक्के प्रकरणांना आळा बसेल किंवा ती लांबतील, असा त्याचा अंदाज आहे. रक्तदाब, मधुमेह, कमी ऐकू येणे, एकटेपण हे त्यात आहेत. आणि बालपणीच्या शिक्षणाचा अभावही आहे. ज्या मुलीला सत्तर वर्षांपूर्वी शाळेत घातले नाही, तिची आज रात्री वाट चुकते. आम्ही शिक्षक आहोत. हे वाक्य आमच्यासाठी रूपक नाही.

मग आष्टीपर्यंत पोहोचू शकेल असे उपचाराचे काही आहे की नाही? आहे, आणि त्याचा पुरावा फार दूर नाही. १९९८ साली '१०/६६' या नावाचा एक संशोधनगट स्थापन झाला. डिमेंशियाचे ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत आणि त्यांच्यावर संशोधन १० टक्क्यांहूनही कमी, ही विषमता या गटाने नावातच कोरली. त्याच विचारातून गोव्यात एक प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष डॉ. अमित डायस व सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केले. दोन तालुक्यांतील ८१ कुटुंबे घेतली. त्यांतील निम्म्या घरी सहा महिने एक स्थानिक, बारावीपर्यंत शिकलेली, थोडे प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती नियमित भेट देत राहिली. हा आजार आहे, खोडसाळपणा नव्हे, हे तिने समजावले. चिडचीड, भटकणे, रात्रीचा जागर यांना कसे सामोरे जावे ते सांगितले. घरातल्या इतरांना कामाचा वाटा उचलायला लावले. लागेल तेथे डॉक्टरांशी गाठ घालून दिली. सांभाळणाऱ्यांचे मानसिक आरोग्य स्पष्टपणे सुधारले.

या निष्कर्षाचा मथळा कोठे झाला? येथे रेणू नाही, शत्रू नाही, चमत्कार नाही. एक बाई दुसऱ्या बाईच्या घरी जाऊन बोलते, एवढेच आहे. आमच्या साच्यात ही कथा बसत नाही, म्हणून ती कथा ठरत नाही. आणि जी गोष्ट कथा ठरत नाही तिच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद होत नाही. सत्तरीपुढील सर्वांना २०२४ पासून आयुष्मान योजनेतून पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळाले, हे स्वागतार्ह आहे. पण ते रुग्णालयात दाखल झाल्यानंतरच्या उपचारांसाठी आहे. अल्झायमरचा मोठा खर्च रुग्णालयात होतच नाही. तो घरात, रात्री, बुडालेल्या मजुरीच्या रूपाने होतो. २००७ च्या कायद्याने आईवडिलांचे पोषण मुलांवर बंधनकारक केले; पोषण करणारीचे पोषण कोणावर, याविषयी कायदा मूक आहे. आशा कार्यकर्ती गावोगाव आहे, पण तिच्यावर आधीच इतक्या नोंदवह्या लादल्या आहेत की हे काम वाढवायचे तर वेगळे प्रशिक्षण आणि वेगळा मोबदला द्यावा लागेल. 'सेवाभाव' या शब्दाने ते होणार नाही.

एक आक्षेप आम्हांला नेहमी ऐकू येतो: आपल्याकडे वृद्धाश्रमांची गरज नाही, आपले कुटुंब सांभाळते. कुटुंब म्हणजे कोण? २०२४ च्या केंद्रीय वेळवापर सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातल्या माणसांची काळजी घेण्याच्या कामात होत्या आणि त्या दिवसाला सुमारे १४० मिनिटे त्यात घालवत, पुरुष २१.४ टक्के, आणि सुमारे ७४ मिनिटे. हा सर्व प्रकारच्या काळजीचा हिशेब आहे, मुलांच्याही. डिमेंशियाच्या घरी मिनिटांचे रात्री होतात. 'कुटुंब सांभाळते' या वाक्यात खरा कर्ता लपवलेला आहे. व्याकरण शिकवणाऱ्यांनी एवढे तरी ओळखावे.

दुसरा आक्षेप साहित्याच्या बाजूचा, आणि अधिक गंभीर. आम्ही साहित्याला आरोग्यखात्याचे परिपत्रक करायला निघालो आहोत, असे काहींना वाटेल. तसे मुळीच नाही. आमची तक्रार रूपकाविषयी नसून आळशी रूपकाविषयी आहे. आजींचे भजन खरे होते. संगीताची स्मृती पुष्कळदा शेवटपर्यंत टिकते, हे वैद्यकही सांगते. पण ते भजन आम्हांला मिळाले, कारण सुनेने सकाळी आजींना आंघोळ घातली होती, लुगडे नेसवले होते, भरवले होते, आणि दाराची कडी धरली होती. जे सौंदर्य आम्ही उचलून आणले त्याची मजुरी कोणी भरली, हे न सांगणे ही वाङ्मयीन चूक आहे, केवळ सामाजिक नव्हे. त्या टिपणातले वाक्य अपुरे होते, कारण त्याचा कर्ता गहाळ होता.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत आणि त्या आपल्याच मंडळींकडे आहेत. 'वाडा चिरेबंदी' शिकवताना दादीची रात्र कोणाची, हा प्रश्न वर्गात विचारा आणि प्रश्नपत्रिकेतही घाला. क्षेत्रीय अभ्यासाला विद्यार्थी पाठवाल, तेव्हा त्यांना विसरणाऱ्याच्या आठवणी गोळा करण्याआधी सांभाळणाऱ्याची दिनचर्या लिहून आणायला सांगा. निदानाचे प्रश्न, घरी भेट देणाऱ्यांच्या पुस्तिका, हे सारे प्रमाण मराठीच्या इस्त्रीतून न काढता वऱ्हाडीत, झाडीत, अहिराणीत, मालवणीत करून द्या. विद्यापीठांतील भाषाविभागांना याहून उपयुक्त प्रकल्प सुचत असेल तर तो जरूर करावा. आणि मुलाखत घ्यायला गेलात, तर प्रश्न विचारण्याआधी तिला दोन तास झोपू द्या.

हे शेवटचे आम्ही करून पाहिले. पुढे हिवाळ्यात आष्टीला पुन्हा गेलो आणि सुनेला म्हणालो, ताई, तुम्ही आत जाऊन पडा, आम्ही बसतो आजींपाशी. आम्ही तिघे होतो, तिघेही पदव्युत्तर. दिवेलागणीला आजी उठल्या, मले घरी जाऊ द्या म्हणू लागल्या. हेच तुमचे घर आहे, असे आम्ही पटवून देऊ लागलो. घराचे वय सांगितले, भिंतीवरचे फोटो दाखवले. त्या रडू लागल्या, मग चिडल्या, आमच्यापैकी एकाचा हात त्यांनी ओरबाडला. चाळिसाव्या मिनिटाला आम्हांला सुनेला उठवावे लागले.

ती आली, वाद घातला नाही. "चाला, जाऊ आपण घरी," म्हणाली. आजींच्या पायांत चपला घातल्या, हात धरून समोरच्या दाराने बाहेर पडली, घराला वळसा घातला, आणि मागच्या आवारातून आत आणत म्हणाली, "हे पाहा, आलं तुमचं घर." आजींनी चहूकडे पाहिले आणि खाटेवर बसल्या.

हे तिला कोणी शिकवले होते, असे आम्ही विचारले. कोणीच नाही, ती म्हणाली. एका रात्री सुचलं. या वेळी टिपणात आम्ही एवढेच लिहून घेतले.